वैद्यक परिषदेकडे भरपाई मागू नका

डॉक्टरच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं की बरेच जण एकच अर्ज लिहून पोलीस, कलेक्टर आणि मेडिकल कौन्सिल, सगळीकडे पाठवतात. भरपाई द्या, हॉस्पिटल बंद करा, डॉक्टरला अटक करा. यातलं काहीच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या हातात नाही. १९६५ च्या कायद्याने तिच्या ताब्यात दिली आहे ती ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदवही. त्यात नाव घालणं, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणं (त्यासाठी डॉक्टरला पुढच्या शिक्षणाचे, म्हणजे परिषदा-कार्यशाळांचे, ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात), आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ताकीद देणं, नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढणं. नाव निघालं की प्रॅक्टिस थांबते, त्यामुळे हा अधिकार लहान समजू नका.

आधी प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक बघा. तो छापणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. बीएएमएस, होमिओपॅथ आणि दंतवैद्य यांच्या परिषदा वेगळ्या. चुकीच्या ठिकाणी गेलेल्या अर्जात महिने वाया जातात. क्रमांकच नसेल तर बोगस डॉक्टरची शंका घ्या आणि थेट पोलीस किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा. बिलाचा वाद असेल तर हॉस्पिटलची नोंदणी करणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे.

तक्रार टिकते ती कागदांवर. केस पेपरची लेखी मागणी करून पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात, आणि भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात. (२०२३ ची नवी नियमावली जाहीर होऊन तीन आठवड्यांतच स्थगित झाली, म्हणून अजून जुनीच चालते.) अर्जात हॉस्पिटलचं नाही, डॉक्टरचं नाव हवं. ‘नीट बघितलं नाही’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय करायला हवं होतं आणि काय झालं, ते लिहा.

मग डॉक्टरचं म्हणणं मागवून सुनावणी होते. डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. चौकशी चालू असताना वादातली शस्त्रक्रिया किंवा प्रॅक्टिस तात्पुरती थांबवण्याचा अधिकारही परिषदेला आहे. तसा आदेश मागायचं सहसा कुणाला सुचत नाही. निकाल सहा महिन्यांत द्यावा असं नियम सांगतो, पण त्या मुदतीवर विसंबू नका. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि कौन्सिलच्या निकालाची वाट बघत बसलात म्हणून ती थांबत नाही. दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात.

निकाल विरोधात गेला तर डॉक्टरला ६० दिवसांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाकडे अपील करता येतं. या आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या अपिलाच्या कलमात रुग्णाचा उल्लेखच नाही. ही उणीव मला अक्षम्य वाटते, कारण तक्रार फेटाळली गेलेल्या रुग्णाला मग उच्च न्यायालयाच्या खर्चाचा विचार करावा लागतो.