तुम्ही विचारलंत म्हणून: घागर कोणी न्यायची?

"मॅडम, एवढं सगळं वाचल्यावर एक सांगा. इंग्रज आले ते त्या बायकांसाठी बरंच झालं ना?"

गेली बावीस वर्षं मला हा प्रश्न विचारला जातोय. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले निवृत्त मुख्याध्यापक विचारतात, घरातले विचारतात. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या कादंबऱ्या शिकवते म्हटलं की 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधला बायकोला मारणारा ओकोंक्वो, अशुभ म्हणून जंगलात टाकून दिलेली जुळी मुलं, तीन-तीन बायकांची घरं एवढं सगळ्यांना आठवतं आणि लगेच निकाल तयार असतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, मान हलवायला हवी असते. आजवर मी कधी हसून टाळलं, कधी चिडले, कधी पाच मिनिटांत काहीतरी सांगून सुटले. आज नीट लिहिते.

आधी कबुली देते. एके काळी माझंही उत्तर "हो" होतं. नुसतं मनातलं नव्हे. 2006 साली एका चर्चासत्रात मी निबंध वाचला आणि त्यात ठणकावून म्हटलं, की इग्बो स्त्रीसाठी मिशनरी आणि सरकार म्हणजे बंद घराचं उघडलेलं दार. टाळ्या मिळाल्या. तो कागद अजून कपाटात आहे. फाडावासा वाटतो, पण फाडत नाही, कारण त्यातलं सगळंच खोटं नाही.

जुळ्यांचंच घ्या. मातीच्या मडक्यात घालून जंगलात सोडलेल्या मुलांचं रडणं ओकोंक्वोचा मुलगा न्वोये याच्या कानात बसलेलं असतं. घरात भावासारखा राहिलेला इकेमेफुना मारला गेल्यावर त्याच्या आत काहीतरी तुटतं. मग एके दिवशी तो नव्या देवाची गाणी ऐकतो आणि कोरड्या जिभेवर पाण्याचा थेंब पडावा तसं त्याला वाटतं. चिनुआ अचेबे यांनी 1958 साली 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये हे लपवलं नाही. जुळी झाली म्हणून चार वेळा मुलं टाकावी लागलेली एक गरोदर बाई चर्चमध्ये येते, तेव्हा तिला "इंग्रजांनी तुमची संस्कृती मोडली" असं सांगायची माझी छाती नाही. ओसू म्हणून वाळीत टाकलेल्यांनाही नाही. त्या बाईसाठी ते दार होतंच.

पण 2009च्या पावसाळ्यात मी त्याच कादंबरीतला म्गबाफोचा खटला शिकवत होते आणि शिकवता शिकवता गप्प झाले. माझं उत्तर तिथे अडकलं, ते अजून सुटलेलं नाही.

प्रसंग असा. गावच्या मोकळ्या जागेवर एग्वुग्वू बसलेत, म्हणजे पूर्वजांचे मुखवटे घातलेले नऊ जण. समोर एका बाजूला तीन पुरुष, दुसऱ्या बाजूला तीन पुरुष आणि एक बाई. ती म्गबाफो, सोबत तिचे तीन भाऊ. नवरा उझोवुलू तक्रार करतो, की मेहुण्यांनी घरात घुसून मला मारलं आणि बायको-मुलांना घेऊन गेले. भाऊ सांगतो, हो, नेलं. नऊ वर्षं हा तिला मारतोय. पोटात मूल होतं तेव्हा इतकं मारलं की ते पडलं. आता तिला परत हवी असेल तर रीतसर येऊन विनवणी करू दे, आणि पुन्हा हात उगारला तर आम्ही त्याला पुरुष म्हणून ठेवणार नाही. निकाल लागतो. ताडीची घागर घेऊन सासुरवाडीला जा आणि बायकोला परत येण्याची विनंती कर, बाईशी लढण्यात शौर्य नसतं.

हे वाचताना मला आमची ओसरी दिसली. तीन भाऊ आणि एक बहीण.

1984 साली मी दहा वर्षांची होते. संध्याकाळच्या एसटीने आत्या आली, कडेवर धाकटा, हातात कापडी पिशवी. उजवं मनगट सुजलेलं. आईने हळद गरम केली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. ती असं येण्याची ही तिसरी वेळ होती. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे निर्णय वडिलांचा आणि दोन काकांचा. रात्री जेवणं झाल्यावर तिघं ओसरीवर बसले. मी आतल्या खोलीत गोधडीखाली जागी होते. शब्द तुटक ऐकू यायचे. "लोक", "धाकटीचं लग्न", "त्याचा स्वभावच तसा". आजी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासून झालेली भांडी ती पुन्हा घासत होती.

चौथ्या दिवशी वडील आणि मधले काका तिला पोहोचवायला निघाले. नवऱ्यासाठी धोतरजोडी, सासूला लुगडं, नारळ, पाच किलो गूळ. मीही हट्ट करून गेले. तिथे त्या माणसाने पाटावर बसून चहा घेतला, आणि माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कुणापुढे मान झुकवली नाही, ते हात जोडून म्हणाले, "सांभाळून घ्या. पुन्हा तक्रार येणार नाही." आत्या आत चुलीपाशी गेली होती. निघताना ती दारात आली आणि माझ्या फ्रॉकचं बटण लावून दिलं, सुजलेल्याच हाताने.

पंचवीस वर्षं मी हा प्रसंग 'आमच्याकडची जुनी रीत' या खणात ठेवून दिला होता. वर्गात पुस्तक हातात धरून उभी असताना मला कळलं, की मी ज्यांना मागासलेले म्हणून शिकवत होते त्यांच्याकडे घागर नवऱ्याने न्यायची होती. आमच्याकडे ती आम्ही नेली.

आणि हे 1984 साली. इंग्रज येऊन, राहून, जाऊन झाल्यावर. त्याच्या आदल्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्ध 498 अ कलम आलं होतं. तालुक्याचं कोर्ट घरापासून अकरा किलोमीटरवर होतं. त्या रस्त्याचं नावसुद्धा ओसरीवर निघालं नाही.

त्या दिवशी वर्गात माझा आवाज गेला. बऱ्याच वेळाने, कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ती परत गेलीच ना शेवटी? तिला कुणी विचारलं का, जायचंय का म्हणून?"

नाही विचारलं. मी रात्री प्रकरण पुन्हा वाचलं. नवरा बोलतो, भाऊ बोलतो, शेजारी साक्ष देतात, मुखवटे बोलतात. म्गबाफो बोलत नाही. बायका गर्दीच्या कडेला परक्यांसारख्या उभ्या आहेत, हे तर अचेबे स्वतःच लिहितात. निकालानंतर एक जाणता कुरकुरतो, की एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी एग्वुग्वूंना कशाला त्रास. म्हणजे घागरीवरून माझ्या मनात भरून आलेला आदरही एका मुलीच्या प्रश्नाने अर्धा झाला. जुनी रीत चांगली होती असं मी म्हणते आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी इथे थांबून हे दोनदा वाचावं.

पण त्या प्रश्नामुळेच मी कादंबरीबाहेर शोधायला लागले: कडेला उभ्या असलेल्या बायका एरवी काय करत होत्या? आणि इथे मी मुख्याध्यापकांशी, तुमच्याशी आणि 2006च्या माझ्याशी भांडणार आहे.

इग्बो बायकांच्या स्वतःच्या सभा होत्या. बाजाराचे नियम त्या ठरवत. लग्न होऊन गेलेल्या माहेरवाशिणींची, उमुआडांची, माहेरच्या कारभारात जरब होती. आणि त्यांच्याकडे एक हत्यार होतं, त्याला 'पुरुषावर बसणं' म्हणत. कुणी बायकोला छळलं किंवा कुणाच्या गुरांनी बायकांची शेतं खाल्ली, तर गावातल्या बायका त्याच्या दारात जमायच्या. मुसळं आपटायच्या, त्याचे गुन्हे गाण्यांतून सांगायच्या, वेळ आली तर झोपडीची नासधूस करायच्या, आणि तो कबूल होईपर्यंत हलायच्या नाहीत. अचेबेंच्या पुस्तकात याची जेमतेम चाहूल आहे. एका ठिकाणी गाय मोकाट सुटते, बायका स्वयंपाक टाकून धावतात, मालक मुकाट दंड भरतो. बस्स. उझोवुलूच्या दारात कुणी बसलेलं दिसत नाही. याचा मला राग येतो, अजूनही येतो. मग लगेच म्हातारा न्दुलुए आठवतो. तो गेल्याचं कळताच त्याची बायको ओझोएमेना जाऊन त्याला पाहते, आपल्या झोपडीत परतते आणि आडवी होते ती उठतच नाही. तरुणपणी मोठा योद्धा असलेला हा माणूस बायकोला सांगितल्याशिवाय काही करत नसे, हे ऐकून ओकोंक्वो चक्रावतो. अचेबेंना दिसत होतं, ओकोंक्वोला नाही. ओकोंक्वो हद्दपार होऊन सात वर्षं आजोळी म्बांटाला राहतो. तिथे मामा त्याला विचारतो, की आपण मुलीचं नाव न्नेका, म्हणजे 'आईच श्रेष्ठ', असं का ठेवतो? मार खाल्लेलं पोर आईकडे जातं तसा दुःखातला माणूस आजोळी येतो, हे त्याला समजावून सांगावं लागतं.

मग इंग्रजांनी काय केलं? ज्या गावांना राजा नव्हता तिथे कागदी वॉरंट देऊन पुरुष 'चीफ' नेमले. कोर्टं पुरुषांची, कारकून पुरुष, शिपाई पुरुष. बायकांच्या सभा साहेबाला दिसल्याच नाहीत, आणि दारात जाऊन बसणं म्हणजे कायदा हातात घेणं ठरलं. 1928 साली पुरुषांवर कर बसला. 1929च्या नोव्हेंबरात ओलोको गावी वॉरंट चीफचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईकडे माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोजायला आला. ती पामतेल काढत होती. मोजणी म्हणजे आता बायकांवरही कर, अशी भीती होती. तिने विचारलं, तुझ्या आईची कधी मोजणी झाली होती का? निरोप म्हणून ताडाची पानं गावोगाव फिरली, हजारो बायका त्या वॉरंट चीफच्या, ओकुगोच्या दारात जाऊन 'बसल्या', आणि हे लोण ओवेरी, कालाबार प्रांतांत पसरलं. शेजारच्या इबिबिओ लोकांच्या बायकाही उठल्या. कोर्टं मोडली गेली. सरकारने गोळीबार केला, त्यात पन्नासहून जास्त बायका गेल्या. सरकारी कागदात नाव 'आबाचे दंगे', आबा या तिथल्या गावावरून. बायका त्याला ओगू उमुन्वान्यी म्हणतात, बायकांचं युद्ध.

आता सांगा, हे दार उघडणं होतं का? मी चर्चासत्रात ते वाचत होते तेव्हा मला 1929 माहीत नव्हतं. मी कादंबरीतल्या मौनाला इतिहास समजले होते.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर सती बंद झाली हे मला दर वेळी ऐकवलं जातं, पण रखमाबाईंचं नाव कुणी घेत नाही. 1887 साली मुंबईत इंग्रजांच्याच कोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ज्या तत्त्वावर हा हुकूम दिला ते आपल्या धर्मशास्त्रातलं नव्हे, इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेलं होतं. तिथे तर घागरही नव्हती.

इग्बो बायकांनी स्वतः लिहायला घेतलं तेव्हाही सोपं उत्तर आलं नाही. फ्लोरा न्वापा यांची एफुरू (1966) व्यापार करते, दोन नवरे सोडते आणि उहामिरी या सरोवरदेवीची उपासक होते. ती देवी रूप आणि पैसा देते, मूल देत नाही, तरी बायका तिला का पूजतात, या प्रश्नावर पुस्तक संपतं. त्याच शेवटावरून बुची एमेचेता यांनी 1979 साली आपल्या कादंबरीला नाव दिलं, 'द जॉईज ऑफ मदरहूड'. तिच्यातली न्नू एगो इबुझा या गावाहून लागोस शहरात येते. नवरा गोऱ्या बाईचे कपडे धुतो, आणि घरी आल्यावर त्याला धनी व्हायचं असतं. शेजारीण तिला समजावते, की आपले पुरुष पुरुष राहिलेच नाहीत, यंत्रं झालेत. गावातली जाऊबाईंची सोबत गेली, शहरातली मोकळीक मिळाली नाही. मुलांसाठी जन्मभर राबून ती रस्त्याकडेला एकटी मरते. मग मुलं येऊन थाटात अंत्यविधी करतात. हे पुस्तक मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी शेवटची दोन पानं मुलांना घरी वाचायला सांगते. वर्गात मला ती वाचवत नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर? जुळ्यांच्या आईने विचारलं तर हो. न्वान्येरुवाने विचारलं तर नाही. म्गबाफोला काय वाटलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत असल्यासारखं बोलणं आता मी सोडलं आहे.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्या आमच्याकडे आठ दिवस राहिली. डोळ्यावर पट्टी, वाचता येईना, म्हणून मी तिला म्गबाफोची गोष्ट सांगितली. मुखवटे, तीन भाऊ, घागर, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिची आई होती का गं तिथं?"

मी म्हटलं, त्या प्रकरणात आईचा उल्लेख नाही.

"असेल ती. मागच्या दाराला असेल," आत्या म्हणाली. "आमची आई त्या रात्री मागच्या दाराला आली होती. मला म्हणाली, राहतेस का? मी म्हटलं, राहते."

मला ही गोष्ट चाळीस वर्षांनी कळत होती. मी विचारलं, मग?

"मग काय. ती आत जाऊन भांडी घासायला लागली."