जखिऱ्याचं पाणी

दिवाळीत शेवटची नोंद लिहिली तेव्हा १० मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉटचा माझा सर्वांत चांगला आकडा ५८४.३ होता. २८ जूनला ५९६.१ आले. दशांशात एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे साठ शॉटना कमाल ६५४ होतात, त्यामुळे पल्ला अजून लांबचा आहे. तरी त्रेचाळिसाव्या वर्षी, दुकान सांभाळून, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी कमावलेले हे जवळपास बारा गुण मला फार मोलाचे वाटतात. यंदा आणखी एक बदल केला. रायफल, तोफा आणि पूर यांच्या तीन वह्या होत्या, त्या मोडून एकच वही केली. का, ते पुढे येईल.

आधी रायफल. २८ जूनच्या दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज अशा: १००.२, ९९.८, १००.१, ९९.५, ९८.३, ९८.२. पहिल्या चाळीस शॉटमध्ये सरासरी जवळजवळ दहाची, आणि शेवटच्या वीसमध्ये घसरण. १० मीटरवर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि नऊचं साडेपाच मिलिमीटरचं. खांदा केसभर ढिला पडला तरी कागदावर लगेच दिसतं. जानेवारीपर्यंत मी याला नुसती दमछाक म्हणत होतो आणि घरी प्लँक वाढवत होतो. मग प्रशिक्षकांनी सांगितलं, प्रत्येक शॉटला रायफल किती सेकंद धरतोस आणि किती वेळा न मारता खाली घेतोस, ते लिही. महिनाभर लिहिलं. पहिल्या चाळीस शॉटमध्ये मी रायफल एकदाही खाली घेत नव्हतो. बारा-बारा, चौदा-चौदा सेकंद ताणून धरायचो आणि दहा काढायचोच. शेवटच्या वीसमध्ये मात्र पंधरा वेळा उतरवत होतो, कारण तोवर अंगात काही उरलेलंच नसायचं. सुरुवातीचे सुंदर दहा मी शेवटच्या खात्यातून उचलत होतो.

आता नियम साधा ठेवला आहे. पाय रोवायचे, रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. लक्ष्याचं काळं वर्तुळ नळीच्या टोकावरच्या साइटच्या रिंगमध्ये डावी-उजवीकडे सरकलेलं दिसलं तर हातानं ओढायचं नाही, मागचा पाय बोटभर हलवायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचं. ट्रिगरचा पहिला टप्पा घेतल्यावर आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली, मग साइट पिक्चर, म्हणजे रिंगमध्ये दिसणारं लक्ष्य, कितीही छान दिसत असो. पहिल्या सिरीजलाही खाली. ७५ मिनिटं मिळतात, ती याच्यासाठीच असतात. छान दिसणारा शॉट सोडून द्यायला सगळ्यांत जास्त जड जातं, आणि माझी सगळी प्रगती त्या सोडून देण्यात आहे.

कोल्हापुरात रायफल धरणाऱ्याला आदर्श शोधायला लांब जावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्य आणलं, ४५१.४ गुणांनी. ती फायनल मी दुकानात गिऱ्हाइकांसोबत पाहिली. गुडघ्यावरच्या पोझिशननंतर तो पदकाच्या जागेत नव्हता. वर सरकला तो शेवटी, उभं राहून मारताना, जिथं बाकीच्यांचे खांदे थकतात. त्याच्याजवळ तेव्हाही शिल्लक होती.

सामानाबद्दल थोडक्यात: माझ्या रायफलच्या हवेच्या सिलिंडरला दहा वर्षं पुरी होत आली, म्हणून नवा मागवला. २०० बारचा दाब असतो, तारीख उलटलेला सिलिंडर 'अजून चालतोय' म्हणून वापरू नका. पावसाळ्यात शिशाच्या छर्‍यांवर पांढरी भुकटी धरते, ती विषारी आहे. डबे हवाबंद बरणीत ठेवा, हात साबणानं धुऊन मगच चहा घ्या.

फेब्रुवारीत तोफ मोजली. गडाचं नाव देत नाही, कारण तिथं राखण नाही आणि अशा सुट्या तोफा हलायला वेळ लागत नाही. कारवीत अर्धी बुडालेली ओतीव लोखंडाची तोफ. मागच्या कड्यापासून तोंडापर्यंत ७ फूट ६ इंच. तोंडाचा आतला व्यास चार दिशांनी मोजला, कारण गंजानं कडा खाल्लेली असते. सर्वांत विश्वासाचं माप ४ इंच २ सूत, म्हणजे सव्वाचार इंच. नळीत माती भरली होती, ती उकरली नाही. ते काम पुरातत्त्व खात्याचं, आपलं काम दिसतं तेवढं लिहून ठेवायचं. गोळा नळीपेक्षा थोडा बारीक लागतो, तेव्हा ४ इंचांचा धरला. तेवढा ओतीव लोखंडाचा गोळा भरतो सुमारे ४ किलो, म्हणजे ही ९ पौंडी.

खरा आनंद पुढं होता. पाठीवर काही खोदलेलं आहे असं बोटांना लागत होतं, पण डोळ्यांना दिसेना. अशा वेळी लोक खडू किंवा तेल चोळतात, कृपा करून चोळू नका. ऊन कलेपर्यंत थांबलो आणि टॉर्च तोफेला जवळजवळ टेकवून आडवा धरला. सावलीत आकडे उठले: २४-२-१४. इंग्रजी तोफांवर वजन असंच कोरतात. पहिला आकडा ११२ पौंडी हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पाव हिश्शाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. २,६८८ अधिक ५६ अधिक १४, एकूण २,७५८ पौंड, म्हणजे सुमारे १,२५० किलो. सव्वा टनाचा हा ऐवज बैलांनी आणि माणसांनी दोराला धरून या चढावर आणला आहे. कान, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र, मेख मारून बंद केलेला. कुणीतरी ही तोफ सोडून जाताना शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून ती मेख ठोकली. त्या मेखेच्या डोक्यावर हातोड्याच्या घावांचा चपटेपणा अजून बोटाला लागतो.

एका ठिकाणी मात्र जीव तुटला. दुसऱ्या एका गावात दोन तोफा शोभेसाठी सिमेंटात उभ्या गाडल्या आहेत आणि त्यांना काळा ऑइलपेंट फासलाय. आकडे, खुणा, सगळं रंगाखाली गेलं. ज्यांच्या गावात अशा तोफा अजून आडव्या आहेत त्यांनी रंगरंगोटीच्या आधी निदान मापं आणि फोटो घेऊन ठेवा. खांदेरीवर लोखंडी गाड्यांवरच्या तोफा अजून उभ्या आहेत, त्या एकदा पाहून या, म्हणजे तोफ कशी दिसायला हवी ते कळेल.

आता तीन वह्यांची एक का झाली ते. ९ पौंडी तोफ चालवायला किती पाणी लागेल याचा मी मार्चमध्ये हिशेब करत होतो. दर वेळी बार उडाला की नळीत ओला बोळा फिरवावा लागतो. एखादी ठिणगी आत राहिली तर पुढची दारू ठासतानाच पेटते आणि ठासणारा जातो. म्हणजे लढाईच्या दिवशी गडावर नेहमीपेक्षा जास्त पाणी लागणार. तेव्हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं दुर्गांचं प्रकरण पुन्हा काढलं. बावड्याचे अमात्य, म्हणजे आमच्याच मुलखातले. ते सांगतात की आधी पाणी पाहून मग किल्ला बांधावा, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावी. आणि झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची, म्हणजे राखीव साठ्याची, ठेवावी आणि त्यातलं पाणी खर्च होऊ देऊ नये. दारूखाना घरांपासून दूर ठेवावा, हेही त्यात आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या उखळी तोफांनी रायगडावर आग लागून वाडे जळाले, ते वाचलेल्याला हा सल्ला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ते वाचता वाचता मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे. चहूकडं पाणी, आणि आईला रक्तदाबाची गोळी घ्यायला मी अर्धी बाटली पाणी शेजाऱ्यांकडून मागून आणलं. आमचा झरा आटला होता. घरात जखिरा नव्हता. २०२१ च्या जुलैत नदी ५६ फुटांवर गेली, तेव्हाही आम्ही दोनच कॅन भरून ठेवले होते. शेवटच्या वीस शॉटमध्येही माझं हेच होत होतं, जखिरा आधीच खर्च झालेला. म्हणून तिन्ही वह्यांची एक झाली.

एप्रिलमध्ये गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली आणि गल्ली मोजली. आमच्या भिंतीवर २०२१ ची खूण फरशीपासून २ फूट ८ इंचांवर आहे. तेव्हा बंधाऱ्यावर ५६, म्हणजे आमची फरशी साधारण ५३ वर. नळीचं एक टोक दारात आणि एक गल्लीच्या तोंडाशी धरलं, पोराला ओरडून विचारत पाणी स्थिर होऊ दिलं. गल्लीचं तोंड फरशीपेक्षा चार फूट खाली निघालं. बंधारा आमच्यापासून लांब आहे आणि नाल्यातून मागं चढणाऱ्या पाण्याची फूग वेगळी, म्हणून हा हिशेब अंदाजाचा आहे. पण एवढं कळलं की घरात पाणी यायच्या बरंच आधी, ४९ च्या आसपास, आमचा रस्ता बंद होतो. आम्ही दोन्ही वेळा फरशीकडं बघत बसलो होतो, बघायला हवं होतं गल्लीच्या तोंडाकडं.

त्यावरून पातळ्या ठरवल्या. बंधाऱ्यावर सरकारी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमच्या अशा: बंधाऱ्यावर ३५ झाले की दुकानाचा खालचा माल माळ्यावर. ३९ ला रायफलची पेटी, कागदपत्रं आणि आईची महिन्याची औषधं आत्याकडं, उंचावरच्या भागात. ४१ ला गाड्या बाहेर. ४३ ला आई आणि मुलं बाहेर, त्यात चर्चा नाही. गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून जिन्याच्या कठड्याला साखळीनं बांधायचा. पुरात सिलिंडर तरंगतो आणि भिंतींवर आपटत फिरतो, २०१९ मध्ये तो आवाज रात्रभर ऐकला आहे. जखिरा १४० लिटरचा: पाच माणसं, माणशी दिवसाला ४ लिटर, सात दिवस. २० लिटरचे सात कॅन वरच्या मजल्यावर, प्रत्येकावर भरल्याची तारीख. दर दोन महिन्यांनी ते पाणी झाडांना घालून नवं भरायचं.

पाठीवरच्या पिशवीची परीक्षा पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत घेतली. महाराज १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघाले ती वाट, जवळपास ५० किलोमीटर, आम्ही दोन दिवसांत करतो. राजापूरच्या इंग्रजांनी त्या वेढ्यात तोफा आणून पन्हाळ्यावर डागल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचा हिशेब चुकता केला. मसाई पठारावर पाऊस आडवा लागला. करपेवाडीत एका घराच्या ओसरीवर पिशवी उघडली. 'पूर्ण जलरोधक' म्हणून विकत घेतलेल्या पिशवीच्या तळाला तीन बोटं पाणी होतं, शिवण उसवली होती. काडेपेट्यांचा लगदा झाला होता. वाचलं ते फक्त दुधाच्या जाड पिशवीत गुंडाळून, तोंड पिळून, रबर लावून ठेवलेलं सामान: बॅटरी, आधारकार्डाच्या प्रती, गोळ्यांची पाकिटं. ओसरीवरच्या आजींनी लगदा पाहिला आणि स्वतःच्या चुलीशेजारची कोरडी काडेपेटी हातात ठेवली. ती आता प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत, मेणबत्तीसोबत, पिशवीत आहे. पांढरपाण्याला पोचलो तेव्हा खांद्यांवर पट्ट्यांचे वळ होते. अकरा किलो जास्त झाले, आठवर आणायचे आहेत. दुसरी ताडपत्री आणि लोखंडी कुऱ्हाड काढली.

जुलैअखेर ही कामं राहिली आहेत: पिशवी आठ किलोवर आणणं, पोराला लेव्हल नळी एकट्यानं वापरायला शिकवणं, आणि शेवटच्या दोन सिरीज ९९ च्या वर नेणं. तोफेच्या मापांचा कागद पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे.

परवा नळाला पाणी आलं नाही. पाव्हणे आले होते, त्यांच्यातला एक जण वर जाऊन कॅनला हात घालत होता. आई जिन्यातूनच म्हणाली, "तो जखिरा आहे, बाळ. माठातलं घे."