समुद्राच्या रेतीची पिशवी नागपुरात उघडताना

नागपुरातून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र लांबच. पण इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, त्यामुळे खनिजांचं शिक्षण आणि नोकरी करणारे इथे भरपूर. किनाऱ्यावरची काळी रेती मात्र त्यांतल्या बहुतेकांना आधी भेटते ती नमुन्याच्या पिशवीतच. इल्मेनाइट, रुटाइल, झिर्कॉन, गार्नेट, मोनाझाइट, सिलिमनाइट ही नावं पाठ असतात. रेतीतल्या या जड खनिजांची टक्केवारी चुकते ती पिशवी उघडण्याच्या पहिल्या मिनिटात.

कारण साधं आहे. क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व २.६५, इल्मेनाइटचं ४.७ च्या आसपास, मोनाझाइटचं ५ च्या वर. ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर हादरे खात आलेल्या कोरड्या रेतीत जड कण तळाशी उतरतात. वरून चमचाभर रेती घेतली तर जड खनिज कमी दिसणार, तळातून घेतली तर जास्त. म्हणून पिशवी पूर्ण रिकामी करायची, वाळवायची, वजन करायचं आणि सगळी रेती रिफल स्प्लिटरमधून, म्हणजे रेती दोन सारख्या भागांत वाटणाऱ्या खाचांच्या डब्यातून, काढायची. ढीग करून चार भाग करणं आणि समोरासमोरचे दोन ठेवणं ही जुनी रीत चालते, पण ढीग ओततानाही कण वेगळे होतातच. स्प्लिटर असेल तर तोच वापरावा. २ किलोच्या नमुन्यातून अर्धे अर्धे करत १२५ ग्रॅमच्या आसपास यायचं. शेवटी आकडा जुळवायला चिमूटभर टाकायची किंवा काढायची नाही. १२३.४ ग्रॅम आले तर १२३.४ लिहायचे.

पुढे धुणं. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने गाळ काढून टाकायचा. शिंपल्यांचा चुरा असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. शिंपल्यांत बऱ्याचदा अ‍ॅरागोनाइट असतं आणि त्याचं विशिष्ट गुरुत्व २.९३; जड-हलके कण वेगळे करायला वापरतात त्या ब्रोमोफॉर्म या द्रवाचं २.८९. म्हणजे शिंपल्याचा तुकडा ‘जड खनिज’ म्हणून खाली बसू शकतो.

इथेच टक्केवारीच्या छेदाची गडबड होते. १०० ग्रॅम रेतीतून २ ग्रॅम गाळ आणि ३ ग्रॅम शिंपले गेले, उरलेल्या ९५ ग्रॅममध्ये ९.५ ग्रॅम जड कण निघाले. कुणी लिहितो १० टक्के, कुणी ९.५ टक्के. खाणीत खोदून काढायची आहे ती गाळासकटची रेती, म्हणून ९.५ हाच खरा आकडा. दुसरा लिहायचाच असेल तर तो कशाच्या वजनावर काढला ते शेजारी लिहा.

आता ब्रोमोफॉर्म. खाली तोटी असलेल्या सेपरेटिंग फनेलमध्ये दोन तृतीयांश द्रव, त्यात २५ ते ३० ग्रॅम अगदी कोरडी रेती. ढवळायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा ढवळायचं. खाली काही पडेनासं होईपर्यंत. ओलावा राहिला असेल तर बारीक झिर्कॉन हवेचा बुडबुडा धरून वर तरंगत बसतो. उलट एकदम जास्त रेती टाकली तर जड कणांच्या ढिगाखाली क्वार्ट्झ दबून खाली जातं. खाली बसलेलं आणि वर तरंगणारं दोन्ही अ‍ॅसिटोनने धुवायचं. त्या धुवणात पुष्कळ पाणी घालून हलवलं की अ‍ॅसिटोन पाण्यात जातं आणि ब्रोमोफॉर्म तळाशी परत मिळतं. हे द्रव विषारी आहे, वाफही वाईट. फ्यूम हूड, म्हणजे वाफ ओढून घेणारं कपाट, असल्याशिवाय बाटली उघडू नये.

नागपूरच्या हवेचा यात मोठा वाटा असतो. ब्रोमोफॉर्म सुमारे ८ अंशांला गोठतं. डिसेंबर-जानेवारीत पारा तिथवर उतरतो तेव्हा खिडकीजवळच्या बाटलीत सकाळी खडे दिसले तर ती खराब झाली म्हणून फेकू नका. खोलीत ठेवा, सावकाश वितळू द्या, नीट हलवा, मगच वापरा. मे महिन्यात उलटं: वाफा जास्त आणि द्रवाची घनताही थोडी घटते. म्हणून काम सुरू करण्याआधी घनता मोजायची. अ‍ॅसिटोनचा अंश राहिलेलं जुनं ब्रोमोफॉर्म तर याहून जास्त फसवतं.

जड भाग हाती आला की आधी हातचुंबक, कागदात गुंडाळून. कन्हानच्या रेतीवरून चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, तसंच इथे मॅग्नेटाइट निघतं. त्यानंतर फ्रँट्झ सेपरेटर या विद्युतचुंबकाच्या यंत्रावर विद्युतप्रवाह पायरीपायरीने वाढवायचा: ढोबळमानाने इल्मेनाइट आधी, मग गार्नेट, मग मोनाझाइट, शेवटी झिर्कॉन, रुटाइल, सिलिमनाइट न ओढले जाता उरतात. सीमा रेखीव नसतात. झिजून लोह गमावलेलं इल्मेनाइट चुंबकाला कमी दाद देतं आणि पुढच्या गटात सापडतं.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गटातले ३०० तरी कण मोजायचे. कणांची टक्केवारी म्हणजे वजनाची टक्केवारी नव्हे. सारख्या आकाराचे ५० कण इल्मेनाइटचे आणि ५० सिलिमनाइटचे असतील तर गुरुत्वाने गुणून (४.७ आणि ३.२) वजन होतं ५९.५ आणि ४०.५ टक्के. आकार सारखा नसेल तर आधी चाळून प्रत्येक चाळणीचं वेगळं मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

रेती कुठल्या खडकाची लेक आहे हे विसरू नये. केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मनवलाकुरिची, ओडिशातलं छत्रपूर या किनाऱ्यांमागे उच्च तापमानात रूपांतरित झालेले जुने खडक आहेत, म्हणून तिथे सिलिमनाइट, गार्नेट, मोनाझाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यामागे सह्याद्रीचा बेसाल्ट. तिथल्या रेतीत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट येतं, एकाच कणात गुंतलेलंही, आणि असा कण हातचुंबकालाच चिकटून इल्मेनाइटचा आकडा खाली पाडतो. सोबत बेसाल्टमधलंच पायरॉक्सीन हे खनिज असतं. तेही ब्रोमोफॉर्ममध्ये बुडतं, पण त्याला बाजारात भाव नाही. नुसती ‘एकूण जड खनिजं २० टक्के’ ऐकून हुरळू नये. आणि रत्नागिरीची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत भरपूर सिलिमनाइट दिसलं तर आधी चिठ्ठी तपासा.

इल्मेनाइटमध्ये सूत्राप्रमाणे टायटॅनियम डायऑक्साइड साधारण ५२.७ टक्के. चवऱ्याचं ६० च्या घरात जातं, कारण हवापाण्याने लोह निघून गेलेलं असतं. आकडा सूत्रापेक्षा जास्त आला म्हणून विश्लेषण चुकलं असं समजू नका.

विजेने वेगळं करण्याच्या यंत्रावर इल्मेनाइट आणि रुटाइल वाहक, झिर्कॉन आणि मोनाझाइट दुर्वाहक. रेती १०० अंशांच्या वर तापवून गरम असतानाच सोडायची. कणावर पाण्याचा पातळ थर असला की झिर्कॉनही वाहकासारखं वागतं. उन्हाळ्यात त्या खोलीत खसाच्या टट्ट्यांचा कूलर लावणं म्हणजे हाताने काम बिघडवणं. माणसाला गारवा मिळतो, यंत्राला दमट हवा.

साठ्याच्या हिशेबात एक ढोबळ चूक वारंवार दिसते. १ किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद, ३ मीटर खोल पट्टा म्हणजे ३ लाख घनमीटर. जागच्या रेतीची घनता १.६ धरली तर ४.८ लाख टन. १० टक्के जड खनिजांनी ४८ हजार टन. कुणी २.६५ ने गुणलं की कणांमधली मोकळी जागाही रेती होऊन जाते आणि पट्टा कागदावर दीडपटीहून मोठा. शिवाय पावसाळ्यात लाटा हलकी रेती ओढून नेतात, वर काळा थर उरतो. तेव्हा फक्त वरचा नमुना घेऊन तोच आकडा ३ मीटरपर्यंत लावणं हा प्रकारही होतो. पाण्याच्या पातळीखाली तर नमुन्यासाठी पाडलेल्या भोकात केसिंग, म्हणजे आधाराची नळी, नसेल तर बाजूची रेती घुसते आणि कुठल्या खोलीचं काय, ते कळत नाही.

मोनाझाइटचा गट वेगळा निघाला की तो टेबलाच्या खणात ठेवायचा नाही. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड ८ ते १० टक्के असतं, ते किरणोत्सारी. धूळ उडू द्यायची नाही, बाटलीवर वजन आणि तारीख लिहायची, आणि साठवण ठरलेल्या नियमांनुसारच. २०१९ पासून किनारी रेतीतल्या मोनाझाइटची मर्यादा ०.०० टक्के केली आहे, म्हणजे कणभर मोनाझाइट असलं तरी पट्टा राखीव ठरतो. त्यामुळे असा पट्टा भाड्याने घेण्याचा विचार खासगी माणसाने करूच नये, तो सरकारी कंपन्यांसाठी राखीव आहे.