पहिली मोटरसायकल कोणती घ्यावी, आणि ती पडली तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "स्कूटर चालवलीये, गिअरची गाडी पहिल्यांदाच घेतोय. बुलेट घेऊ की ड्यूक? दीडशे सीसी झेपेल का?" आणि पाठोपाठ, जरा हळू आवाजात, दुसरा: "आणि पाडली तर?" मला वाटतं दुसरा प्रश्न आधी घ्यावा. तो सुटला की पहिला निम्म्याहून अधिक सुटतो.

गाडी पडणार. पहिल्या काही महिन्यांत एकदा तरी पडेल असं धरूनच खरेदीला जा. इथे मी अपघाताबद्दल बोलत नाहीये; वेगात घसरणं, कुणावर आदळणं हा वेगळा विषय आहे. नवशिक्याची गाडी पडते ती बहुधा उभी असताना, ढकलताना, वळवताना किंवा थांबता थांबता. चाकं बऱ्यापैकी फिरत असतात तोवर गाडी स्वतःला सावरते. वेग माणसाच्या चालीइतका उतरला की ते काम तुमच्या पायांवर येतं, आणि तिथे इंजिन किती सीसीचं आहे याने काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो वजनाने आणि सीटच्या उंचीने.

नाशिकच्या कॉलेज रोडवरचा यू टर्न घ्या. हँडल उजवीकडे पूर्ण वळलेलं, गाडी उजवीकडे थोडी कललेली, वेग जेमतेम. समोरून रिक्षा येते. घाबरून उजव्या हाताची चारही बोटं पुढचा ब्रेक आवळतात. पुढचं चाक वळलेल्या अवस्थेतच जागच्या जागी थांबतं आणि सगळा भार कललेल्या बाजूला जातो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो. तो उचलून जमिनीवर येईपर्यंत गाडी इतकी झुकलेली असते की ती पेलत नाही. क्लच झटकन सोडल्याने किंवा वळणातच रेस कमी केल्याने इंजिन बंद पडलं, तरी हाच शेवट होतो.

यावरचा इलाज सवयीचा आहे. वळण सुरू होण्याआधी पहिला गिअर. रेस थोडी आणि एकसारखी धरायची, वेग हाफ क्लचने, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, कमी-जास्त करायचा आणि मागचा ब्रेक अगदी हलका लावून ठेवायचा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता, जिथे जायचं तिथे. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात नाही. थांबायचंच असेल तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक. हा नियम फक्त या संथ वेगाचा आहे, हे नीट लक्षात घ्या. रस्त्यावर वेगात असताना गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, आणि तो टाळायची सवय लागली तर ती जिवावर बेतते. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणून अशा गाडीवर यू टर्न घेताना पाय आणखी हलका ठेवा. त्यावरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ते वेगात चाक लॉक होऊ देत नाही, पण चालीच्या वेगात आडवी होणारी गाडी सावरत नाही.

पेठ रोडच्या आरटीओत परीक्षेला जायच्या आधी पोरं आठचा आकडा घोटतात आणि लायसन्स हातात आलं की तो विसरतात. तो विसरू नका. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद या बाजूंना नव्या लेआउटचे रुंद, रिकामे रस्ते मिळतात. सकाळी लवकर जाऊन पाय न टेकता आठ काढत राहा, मग आकडा लहान करत न्या.

दुसरं मोठं कारण उतार आणि जमीन. जुन्या नाशकातून गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर न्यूट्रलमध्ये, तोंड उताराकडे करून गाडी साइड स्टँडला लावली की ती इंचभर पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि गाडी आडवी. तोंड चढाकडे करा आणि पहिला गिअर टाकूनच उतरा. स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे जमीन उजवीकडे उतरती असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि शेजारच्याने आपली गाडी काढताना नुसता धक्का दिला तरी उजवीकडे कोसळते. पावसाळ्यात मळ्याच्या कडेला काळ्या मातीत स्टँड रुततो; खाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा.

थांबताना डावा पाय टेकायचा, उजवा ब्रेकवर. पाय कुठे पडणार हे थांबण्याआधी बघायचं. द्वारका, मुंबई नाका, त्र्यंबक रोड, कुठेही रस्त्याच्या कडेला कच साचलेली असते आणि सिंहस्थ जवळ आला की खोदकामांची भर पडते. कचेवर टेकलेला पाय सरकतो. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी रोडला ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली माती डांबरावर असते. कोरडी असताना निरुपद्रवी वाटते, अवकाळी पावसाचा शिडकावा झाला की साबण.

डबलसीटचं वेगळं सांगतो, कारण याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मागे आई किंवा आजी साडी नेसून एका बाजूला बसते तेव्हा तिचे दोन्ही पाय आणि बरंचसं वजन डावीकडे असतं. ती बसताना आणि उतरताना तुमचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत, पुढचा ब्रेक दाबलेला हवा आणि गाडी अगदी किंचित उजवीकडे तोललेली हवी. तुम्ही "बसा" म्हटल्याशिवाय कुणी बसायचं नाही, हे घरात एकदा स्पष्ट सांगून टाका. पहिले दोन-तीन महिने मागे कुणालाच न बसवलं तर उत्तमच.

आता गाडीकडे येऊ. स्प्लेंडर प्लसचं वजन सुमारे ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटर. शाइन १२५ त्याच्या आसपास. रेडर १२५ सुमारे १२३ किलो. एफझेड १३६च्या जवळपास, पल्सर १५० सुमारे १४८. हंटर ३५० १८१ किलो आणि क्लासिक ३५० १९५ किलो. म्हणजे स्प्लेंडर आणि क्लासिक यांच्यात ८० किलोंहून जास्त फरक आहे. आडव्या होऊ लागलेल्या गाडीखाली तुमचा एक पाय आहे, तेव्हा हा फरक मांडीला कळतो. ड्यूक २०० वजनाने बरी, पण सीट ८२२ मिलिमीटर. हिमालयन ४५० उंच आणि जड दोन्ही. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ म्हणजे छान खाली, मात्र वजन १९१ किलो. सीट खाली असली की पाय टेकतात, पण एकदा तोल गेल्यावर वजन ते वजनच.

आपल्या पायाचं माप घरी घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन मांड्यांमध्ये एक पुस्तक घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच असेल तर बूट घातल्यावर आणि शॉकअप थोडे दबल्यावर बहुतेकांचे दोन्ही चवडे टेकतात. याहून जास्त फरक असेल तर नवशिक्याने ती गाडी सोडावी. रुंद सीट पाय बाहेर फाकवते, त्यामुळे कागदावरची उंची सारखी असली तरी दोन गाड्या वेगळ्या भासतात. म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसाच, रोजचे बूट घालून. नुसतं बसून उठू नका: साइड स्टँडवरून सरळ करा, बसल्या बसल्या पायांनी मागे ढकला, मग उतरून हँडल धरून अर्धं वर्तुळ फिरवा. जी गाडी सपाट फरशीवर ढकलताना दम लागतो ती शालिमारच्या पार्किंगमधून तुम्ही रोज काढणार नाही.

गिअरची सवयच नसेल तर १०० ते १२५ सीसी. सायकलचा तोल चांगला असेल, थोडाफार गिअर चालवलेला असेल आणि सुट्टीला वणी-त्र्यंबक करायचं असेल तर उघड्या इंजिनाची १५० ते १६० सीसी. कसारा घाटातही ती कमी पडत नाही. पूर्ण फेअरिंगची, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाने झाकलेली, गाडी पहिली म्हणून नको असं माझं ठाम मत आहे. हँडल खाली असतं, ते वळतंही कमी, त्यामुळे यू टर्नला जागा जास्त लागते, आणि एकदा आडवी झाली की प्लास्टिकचा पॅनेल बदलावा लागतो. साध्या गाडीवर तेच पडणं शे-दोनशे रुपयांच्या लिव्हरवर भागतं.

शक्य असेल तर जुनी घ्या, एकाच मालकाकडची. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, थकलेली चलानं तपासा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसवलीये का तेही विचारा. थंड इंजिन आपल्या हाताने सुरू करा. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, हँडल हळू वळवताना मध्यावर अडकल्यासारखं वाटणं, म्हणजे कॉन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलेला असणं, या दोन गोष्टी मेकॅनिकला दाखवून मगच भाव करा.

गाडी घरी आली की दोन कामं. पहिलं, फ्रेमला बोल्टने पक्का बसणारा लेग गार्ड. दुसरं फुकट आहे: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलला धरलेले असतात, त्यांचे बोल्ट पिळून टाकू नका. हाताने जोर लावला तर क्लॅम्प जेमतेम फिरेल इतकेच आवळा. पडल्यावर लिव्हर जमिनीला लागून फिरतो आणि वाचतो. आवळून टाकलेला मोडतो.

आणि ती पडायला लागलीच तर? सुरुवातीच्या क्षणी पायाने सावरा, पण हातातून गेली हे कळलं की सोडून द्या आणि बाजूला व्हा. पाय खाली अडकवून वाचवलेली गाडी घोट्याच्या हाडापेक्षा महाग नसते.

पडल्यावर आधी किल स्विच: इंजिन बंद करणारं लाल बटण दाबा, चावी बंद. पेट्रोल सांडलं असेल तर थोडं थांबा, आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर दूर करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडा आणि पहिला गिअर टाका, म्हणजे ती पलीकडे कलंडणार नाही, पुढे पळणारही नाही. सायलेन्सर बहुधा याच बाजूला असतो. त्याला हात लावू नका. डावीकडे पडली असेल तर स्टँड आणि गिअर खाली दबलेले असतात. मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर रुमालाने ग्रिपला घट्ट बांधा. आता ज्या बाजूला पडली त्या बाजूला हँडल पूर्ण वळवा. सीटला पाठ लावून उकिडवे बसा, एका हातात खालचा ग्रिप, दुसऱ्यात मागचा दांडा. पाठ ताठ, जोर मांड्यांचा, आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी वर ढकला. उभी होत आली की वेग कमी करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला जाईल. कमरेतून वाकून खेचल्याने गाडी वर येत नाही, पाठ मात्र धरते. कुणी मदतीला आलं तर घ्या.

उभी केल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. तेल जागेवर येऊ द्या, चार-पाच मिनिटं. तोवर रेसची मूठ फिरवून सोडा: ती आपोआप झटक्यात परत यायलाच हवी. उजवीकडच्या पडण्यात हँडलचं टोक आत दबून मूठ अडकते, आणि तशीच गाडी सुरू केली तर ती स्वतःहून पळते. ब्रेकचं पेडल आत वाकलंय का बघा. डावीकडे पडली असेल तर गिअरचा दांडा इंजिनाच्या केसिंगला टेकलाय का ते पाहा. टेकला असेल तर खालचा गिअर पडत नाही. नव्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलंडल्याचा सेन्सर असतो, तो इंजिन बंद करतो. चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की सुरू होते. हँडल तिरकं झालं असेल तर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल उलट पिळा. तेवढ्याने न आल्यास मेकॅनिक टीचे, म्हणजे पुढचे शॉकअप धरणाऱ्या क्लॅम्पचे, बोल्ट सैल करून सरळ करून देतो. एवढ्यासाठी विम्याचा क्लेम करू नका. नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो.

राहिला बुलेटचा प्रश्न. वर्षभर चालवल्यावर स्वतःलाच तपासा: दोन गाड्या जेमतेम जातील अशा कॉलनीच्या रस्त्यावर पाय न टेकता यू टर्न जमतो का, चढावर डबलसीट थांबून इंचभर मागे न घसरता निघता येतं का, उताराला तोंड करून लावलेली गाडी एकट्याने मागे काढता येते का. तिन्ही जमत असेल तर टेस्ट राइडला जा, आणि पहिला यू टर्न शोरूमच्या आवारातच घेऊन बघा.