प्रॉक्समॉक्स बसवताना: मॉनिटर काढायच्या आधी

प्रॉक्समॉक्स व्हीई, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी सिस्टिम, बसवायला दहा मिनिटं पुरतात. पुढं ते मशीन दोन-तीन वर्षं टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर, मॉनिटर-कीबोर्डशिवाय पडून राहणार असतं, आणि त्रास होतो तो तिथं. म्हणून इन्स्टॉलेशनच्या प्रत्येक स्क्रीनवर एकच प्रश्न मनात ठेवायचा: हे मशीन वीज गेल्यावर, राउटर बदलल्यावर आपलं आपण उठून उभं राहील का?

मशीन साधं धरू. ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. आय५-८५०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एसएसडी एवढ्यावर चार-पाच हलके व्हीएम आरामात चालतात. रॅम मात्र ३२ करता आली तर करा. प्रोसेसरच्या कितीतरी आधी तीच संपते.

आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने लिहीत असाल तर डीडी मोडच (फाइल जशीच्या तशी लिहिणारा) निवडा. नेहमीच्या आयएसओ मोडने लिहिलेला पेनड्राइव्ह बूटच होत नाही.

आता बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंग, आणि इथं घाई नको. व्हीएमसाठी लागणारी प्रोसेसरची सोय, म्हणजे इंटेलवर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडीवर एसव्हीएम, चालू करा. हे राहून गेलं तरी इन्स्टॉलेशन पूर्ण होतं, पण पहिला व्हीएम सुरू करताना केव्हीएम (व्हीएम चालवणारा लिनक्सचा भाग) उपलब्ध नसल्याचा एरर येतो. ऑफिसच्या मशीनमध्ये डिस्कचा मोड बऱ्याचदा ‘रेड ऑन’ (RAID, अनेक डिस्क जोडून वापरायचा मोड) असतो. तसा असला तर इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही आणि लोक डिस्क खराब समजून बदलायला निघतात. मोड एएचसीआय करा, डिस्क दिसेल. कीबोर्ड नसेल तर बूट अडवणारी सेटिंग असली तर तीही बंद करा.

आणि वीज परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग. तिथं तीन पर्याय असतात: बंद राहा, आधी होतं तसं राहा, चालू हो. ‘चालू हो’ हाच घ्या. मधला पर्याय शहाणपणाचा वाटतो, पण यूपीएसने मशीन नीट शटडाउन केलं असेल तर ‘आधी होतं तसं’ म्हणजे बंद. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि तुम्ही गावाला असलात, तर येईपर्यंत सगळं ठप्प.

जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल आत्ताच बदलून टाका. तो संपला असेल तर वीज पूर्ण गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि वर केलेली सगळी मेहनत पुसली जाते. व्हीटी बंद, डिस्क पुन्हा ‘रेड ऑन’वर, आणि मॉनिटर नसल्यामुळं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

इन्स्टॉलरमध्ये पहिला मोठा निर्णय फाइल सिस्टिमचा. एकच डिस्क असेल तर एक्स्ट४ ठेवा. दोन सारख्या डिस्क असतील तर झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), पण हार्डवेअर रेड कार्डाच्या वर झेडएफएस कधीच बसवू नका. झेडएफएसला डिस्कशी थेट बोलावं लागतं. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते हे वेगळं सांगायला नकोच. ५०० जीबी डिस्कवर एक्स्ट४ घेतलं की रूटला (सिस्टिमच्या भागाला) सुमारे ९६ जीबी जातात. आयएसओ आणि बॅकअप तिथं राहतात. उरलेल्या जागेचा थिन पूल होतो, त्यात व्हीएमच्या डिस्क. थिन म्हणजे नसलेली जागाही वाटता येते. पूल १०० टक्के भरला की व्हीएम लिहिताना एरर देऊन थांबतात, म्हणून ८० टक्क्यांवर गेला की हातपाय हलवा. व्हीएमच्या डिस्कवर ‘डिस्कार्ड’ची टिक लावली नाही, तर आतून पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळत नाही.

नेटवर्कच्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त लोक फसतात. इन्स्टॉलर राउटरकडून मिळालेला आयपी सुचवतो, पण लिहितो तो कायमचा. राउटरला हे माहीत नसतं. काही दिवसांनी तो तोच आयपी घरातल्या एखाद्या फोनला देतो आणि प्रॉक्समॉक्सचं पान कधी उघडतं, कधी नाही. राउटर आपोआप जे आयपी वाटतो त्या (डीएचसीपी) टप्प्याबाहेरचा आयपी द्या. होस्टनेम (मशीनचं नाव) टिंबासह पूर्ण लिहा आणि विचार करून ठेवा; नंतर बदलणं किचकट आहे, कारण व्हीएमच्या कॉन्फिग फाइली त्याच नावाच्या फोल्डरात असतात.

फायबर कंपनी बदलली की दुसरा घोळ. जिओचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो, बरेच दुसरे १९२.१६८.१.१ वर. राउटर बदलला की आयपींची सगळी मालिकाच बदलते. तेव्हा नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये आयपी आणि गेटवे बदलायचा, आणि होस्ट्स फाइलमध्येही. दुसरी फाइल हमखास विसरली जाते. त्यापेक्षा नव्या राउटरचाच लॅन आयपी जुन्यासारखा करणं सोपं.

वायफायवर हे बसवायच्या भानगडीत पडू नका. प्रॉक्समॉक्स व्हीएमना ब्रिजमधून (मशीनमधल्या आभासी स्विचमधून) बाहेर सोडतो आणि प्रत्येक व्हीएमचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) वेगळा असतो. ॲक्सेस पॉइंट जोडलेल्या एकाच मॅकचं ऐकतो, बाकीच्यांची पॅकेट टाकून देतो. केबल ओढा.

केबल ओढूनही इंटेल आय२१९ नेटवर्क चिप असलेल्या काही मशीनवर मोठी फाइल कॉपी करताना नेटवर्क मध्येच मरतं आणि लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ दिसतं. इथटूल कमांडने टीएसओ आणि जीएसओ (मोठी पॅकेट तोडण्याच्या सोयी) बंद करा आणि तीच ओळ इंटरफेसेस फाइलमध्ये टाका, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तेच. मशीनमध्ये नवं पीसीआय कार्ड घातलं की नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं आणि ब्रिज लटकतो. त्या दिवशी मॉनिटर लागणारच.

इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझरमध्ये आयपीपुढे पोर्ट ८००६ टाका. सर्टिफिकेटची तक्रार येईल, पुढे जा. अपडेट करताना ४०१ एरर आला तर घाबरू नका: एंटरप्राइज रेपॉझिटरी (जिथून अपडेट येतात ती जागा) सबस्क्रिप्शन मागते. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली जोडा. एकच मशीन असेल तर हाय अव्हेलेबिलिटीच्या (एक मशीन पडलं की व्हीएम दुसऱ्यावर चालवण्याच्या) दोन सर्व्हिस बंद करा. विनाकारण एसएसडीवर लिहीत राहतात.

व्हीएममध्ये विंडोज व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी) डिस्कवर बसवणार असाल तर तिच्या ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीवर जोडा, नाहीतर सेटअपला डिस्क दिसणार नाही. प्रत्येक व्हीएमला ‘स्टार्ट ॲट बूट’ची टिक लावा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) त्याच पूलमध्ये राहतो. डिस्क गेली की तोही गेला.

राहिला यूपीएस. यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या, म्हणजे एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) बॅटरी संपत आल्यावर मशीन नीट बंद करेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. एनयूटीत अजून एक मेख आहे. मशीन शटडाउन झालं आणि यूपीएस रिकामा व्हायच्या आत वीज आली, तर मशीनच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नसते, मग ‘चालू हो’ सेटिंगही उपयोगाची नाही. म्हणून शटडाउनच्या शेवटी यूपीएसनेच आउटपुट तोडायचा आदेश एनयूटीकडून जातोय ना, ते मॉनिटर जोडलेला असतानाच एकदा मेन स्विच बंद करून बघा.