गाडीचं तोंड दहा सेंटीमीटर पुढे

दर महिन्याला वेगळं भाडं भरून घेतलेल्या पार्किंगच्या जागेत मला माझीच गाडी खोलता येणार नाही, असं घरमालकाचं पत्र आलं आणि माझं डोकं फिरलं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, आणि वॉटर पंप बदलायचा होता. मी रीतसर परवानगी मागितली होती. उत्तरात इमारतीच्या नियमावलीतलं कलम आलं: आवारात वाहनदुरुस्ती करायची नाही, ऑइल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जमिनीवर सांडेल असं कोणतंही काम करायचं नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीत मिस्त्री यायचे, गेटजवळ बॉनेट उघडायचे, आणि तासाभरात सेक्रेटरीकाकाही आपल्या स्कूटरचा कार्ब्युरेटर दाखवायला खाली उतरायचे. शिवाय मी राहतो ते शहर जर्मनीतलं श्टुटगार्ट. मर्सिडीझ, पोर्शे आणि बॉश यांचं गाव, १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. गाड्यांवर जगणाऱ्या या गावात घराखाली पाना फिरवायला बंदी! मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. कूलंट बादलीत धरता येतं, खाली ताडपत्री घालता येते. काळजी घेणाऱ्या माणसाला आणि न घेणाऱ्याला एकच नियम कशासाठी?

मार्ग काढून दिला तळमजल्यावरच्या आजोबांनी. आयुष्यभर गॅरेजात काम करून निवृत्त झालेले. इथे तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉप असतात. लिफ्ट, हत्यारं, ऑइलचे ड्रम, सगळं तिथेच. मी न विचारता त्यांनी शनिवारची वेळ ठरवली आणि स्वतः सोबत आले. परक्या माणसासाठी शनिवार घालवणारा शेजारी मिळणं ही इथे छोटी गोष्ट नाही, आणि मुंबईतही नाही.

आता ज्या कामासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो. माझी गाडी २००३ची आउडी ए-४. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामुळे बेल्ट अगदी पुढे, रेडिएटरच्या मागच्या फटीत. तिथे हात जात नाही. म्हणून बंपर काढायचा, आणि मग रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, हेडलाइट, बॉनेटचं कुलूप हे सगळं धरून ठेवणारी पुढची चौकट मोकळी करून दोन लांब सळयांवर सरळ पुढे ओढायची. साधारण दहा सेंटीमीटर. पाण्याचे आणि एसीचे पाइप जोडलेलेच राहतात, हवेचा पाइप तेवढा सोडवावा लागतो. कारखान्यानेच ही सोय करून ठेवली आहे आणि ती दुरुस्तीच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्याने गाडी बनवली, त्याने वीस वर्षांनी तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे बघून मला खरंच भरून आलं.

पण आजोबांनी बंपरला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढली, ती पुन्हा टेकू नये म्हणून कापडात गुंडाळली, आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बॅटरी सुटल्यावरही काही काळ वीज साठून राहते, आणि काही गाड्यांत धडकेचे सेन्सर याच पुढच्या चौकटीवर असतात. ती वीज उतरेपर्यंत थांबायचं. दुसरा फायदा रेडिएटरच्या पंख्याचा. इंजिन बंद असलं, तरी गरम असताना तो आपोआप फिरू शकतो, आणि बोटं नेमकी तिथेच असतात.

बंपरचे स्क्रू तीन ठिकाणी लपलेले असतात: बॉनेटखाली वरच्या कडेला, चाकांच्या प्लॅस्टिकच्या आत आणि इंजिनखालच्या पत्र्यापाशी. बंपर दोघांनी दोन बाजूंनी एकदम सरकवायचा, पण पूर्ण ओढायचा नाही. आधी फॉगलाइटच्या आणि पार्किंग सेन्सरच्या वायरी काढायच्या. काढलेला प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या खोक्यात, प्रत्येक खणावर नाव. आणि प्रत्येक पायरीचा फोटो.

एसीचा पाइप खोलायचा नाही, यावर आजोबा सर्वांत जास्त बोलले. जुन्या गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. कातडीवर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो भरायला बंदी आहे, आणि जुन्या गाडीतला मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा आहे. आपल्याकडे गॅरेजात तो ‘फुस्स’ आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. तेव्हा तो काम सुरू झाल्याचा आवाज वाटायचा.

वॉटर पंपासाठी कूलंट मात्र काढावं लागलं, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम असताना झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी करतं. म्हणून बादलीवर लगेच झाकण. ‘मुंबईत कुठे बर्फ पडतो’ म्हणून नुसतं नळाचं पाणी भरणाऱ्यांनाही सांगतो: कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. या दोन्ही गोष्टी मुंबईला जास्तच लागतात.

ऑफिसात मी हे कौतुकाने सांगितलं, तर एका सहकाऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे हे सगळं फुटपाथवर करतात ना?’ मला ते लागलं. हो, करतात. आणि उत्तम करतात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. कारखाना बंद पडल्यावरही इतकी वर्षं त्यांना कोणी चालवलं? ऑपेरा हाऊसच्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारातून भाग शोधून आणणाऱ्या मिस्त्रींनीच ना? इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसं इथे मला अजून भेटलेली नाहीत. आपण घरी स्वतः खोलत नाही, कारण आपल्याला असे हात कोपऱ्यावर मिळतात. त्याला कोणी आळस म्हणू नये.

तरी त्या मिस्त्रींच्या हाती कोणी पुस्तक दिलं नाही, हेही खरं. युरोपात नियमानुसार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही द्यावी लागते. मलाही ती पैसे भरून ऑनलाइन मिळाली. आपला मिस्त्री मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपतो, बाजूला आधार म्हणून स्टेपनी सरकवलेली. त्याच्या हातात कला आहे म्हणून त्याच्या छातीवर दीड टन लोखंड का टांगायचं?

हे मी दादासाठी लिहितोय. त्याच्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब आहे, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदवून घेतलेली. ती फोक्सवागनच्या जुन्या पसाटच्या ढाच्यावर बनली आहे, आणि त्या पसाटची रचना आउडी ए-४ सारखीच, म्हणजे तिचंही तोंड असंच पुढे सरकतं. तिचाही बेल्ट आता बदलायला आलाय. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा वरचा भाग, हेड, सगळाच कामातून जातो. मिस्त्रींनी त्याला ‘एसीचा गॅस सोडून सगळं पुढचं खोलावं लागेल’ असं सांगितलंय. दादा, गॅस सोडायची गरज नाही. पुस्तकातलं पान आणि माझे फोटो तुला पाठवलेत, ते त्यांना दाखव. गाडीखाली आधाराला लावायच्या लोखंडी स्टँडची जोडी तू विकत घे आणि काम झाल्यावर त्यांच्याकडेच राहू दे. चौकट परत बसवल्यावर बोल्ट पुस्तकातल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळायला सांग. बॉनेट लावण्याआधी, ते उघडं असतानाच, कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा आणि आतली दांडी ओढून ते सुटतंय का बघा. दांडीची तार कुलपात नीट बसली नसेल आणि बॉनेट लागलं, तर ते उघडता उघडता नाकी नऊ येतील. हेडलाइटचा झोत शेवटी भिंतीवर पाडून तपासा, समोरच्याच्या डोळ्यात जायला नको. आणि जागेसाठी सेक्रेटरीकाकांना आधी विचार, ते नाही म्हणणार नाहीत.