नाशिकहून स्वित्झर्लंड: सात रात्रींत हातात किती सकाळी येतात?

सात रात्रींची सहल आखताना दिवस मोजू नका, सकाळी मोजा. आल्प्सच्या डोंगरात उन्हाळ्यात आभाळ सकाळी मोकळं असतं, दुपारनंतर ढग चढतात आणि चार-पाचला गडगडाट सुरू होतो. त्यामुळे शिखरावर जायचं तर सकाळीच. सात रात्री म्हणजे तिथे जाग येणाऱ्या सात सकाळी. शेवटची विमानाला जाते. मुक्काम हलवायचा म्हटलं की दरवेळी एक सकाळ बॅगा भरण्यात आणि स्टेशन गाठण्यात संपते. दोनदा मुक्काम हलवला तर मोकळ्या उरतात चार. त्या चारांत झरमॅट आणि जिनिव्हा कोंबले की उरतात दोन, आणि त्यातली एक ढगात गेली तर एवढा खर्च करून हातात एकच डोंगर.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी केलेल्या या सहलीत तीन रात्री ल्युसर्न, तीन रात्री इंटरलाकेन आणि एक रात्र झुरिक अशी मांडणी ठेवली. सहा माणसं, त्यात दोघं सत्तरीतले आणि एक आठ वर्षांचा मुलगा. ही मांडणी या वयोगटाला झेपली. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

व्हिसाचं काम आधी. स्वित्झर्लंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच करून टाका, कारण एप्रिलमध्ये मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाची किमान मर्यादा ३०,००० युरो लागते, आणि विम्याच्या तारखांत जाण्याचा आणि परतीचा दिवस धरलेला असावा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर अपॉइंटमेंट दुपारी बारानंतरचीच घ्या. गाडी थोडी रखडली तरी जीव टांगणीला लागत नाही. गेल्या पाच वर्षांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर जुन्या व्हिसाची प्रत जोडा. ते ठसे ५९ महिने चालतात.

मुंबई-झुरिक थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि नऊएक तासांत सकाळी उतरवतं. नाशिकहून विमानतळ जेमतेम १७० किलोमीटर, पण भरवसा अंतराचा धरू नका. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, डोंगराखालच्या लांबलचक बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते. मात्र तिथून पुढे भिवंडी बायपास आणि ठाण्याची कोंडी आहेच, आणि ती नेमकी संध्याकाळी. रात्री एकचं विमान असेल तर दुपारी तीन-साडेतीनला नाशिकचा द्वारका चौक सोडा. विमानतळावर दोन तास बसावं लागलं तरी चालेल.

सामानाचा नियम एकच: प्रत्येकाने स्वतःची बॅग स्वतः उचलून तीन पायऱ्या चढवता आली पाहिजे. स्विस गाड्या बदलायला चार-सहा मिनिटं मिळतात, आणि वेळापत्रक तसंच बांधलेलं आहे. एक गाडी येते, समोरची सुटते. दोरीने बांधलेलं बोचकं हातात असेल तर ती सुटलीच म्हणून समजा. घाबरायचं कारण नाही, पुढची बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात येते. पण डोंगरावर जाताना तो अर्धा तास सकाळचाच जातो. खायला ठेपले, चिवडा, मेतकूट, पोह्यांची पाकिटं खुशाल न्या. पेढे, तूप, पनीर नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे.

झुरिकला उतरल्यावर लगेचच्या गाडीचं सवलतीचं तिकीट काढून ठेवू नका. सुपरसेव्हर तिकीट त्या एकाच गाडीला चालतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर ठसे आणि फोटो नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे रांगेचा अंदाज बांधता येत नाही. साधं तिकीट दिवसभर चालतं. स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. ल्युसर्न साधारण तासाभरावर. डब्यावर १ किंवा २ असा मोठा आकडा असतो, पहिल्या वर्गाच्या डब्याला पिवळा पट्टा. चुकून पहिल्या वर्गात बसलात आणि तपासनीस आला तर दंड भरावा लागतो, आणि परदेशी असल्याची सबब चालत नाही.

आता पासचा हिशोब. याच ठिकाणी सर्वांत जास्त पैसे वाया जातात. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की गाड्या, बोटी, बस फुकट, रिगीचा डोंगर फुकट, टिटलिस-पिलाटस या डोंगरांना निम्मं भाडं; पण इंटरलाकेनकडच्या युंगफ्राऊच्या बर्फाच्या डोंगराला ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांच्या पुढे फक्त २५ टक्के सवलत. हाफ फेअर कार्डावर काहीच फुकट नाही, पण जवळपास सगळं निम्म्यात, युंगफ्राऊसुद्धा. २०२४ च्या दराने आठ दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास ४१९ फ्रँक आणि हाफ फेअर कार्ड १२० फ्रँक, म्हणजे फरक २९९. युंगफ्राऊचं ग्रिंडेलवाल्डपासूनचं परतीचं भाडं दोनशे धरलं तर तिथे हाफ फेअर आणखी ५० वाचवतं. म्हणजे पासला ३४९ फ्रँकांची भरपाई करायची आहे. पासवर जे प्रवास फुकट होतात त्यांचंच हाफ फेअरवर निम्मं द्यावं लागतं. म्हणून त्या प्रवासांच्या पूर्ण भाड्याची बेरीज सुमारे ७०० फ्रँकांच्या वर गेली तरच पास परवडतो. एसबीबीचं, म्हणजे स्विस रेल्वेचं ॲप उघडा, झुरिक-ल्युसर्न, बोट, रिगी, ल्युसर्न-इंटरलाकेन, म्युरेन (डोंगरावरचं गाव), परत झुरिक अशी एकेक भाडी टाका. तीन मुक्कामांच्या या आखणीत बेरीज त्याच्या बरीच खाली राहते, म्हणून मोठ्यांसाठी हाफ फेअर कार्डच बरं. रोज गाव बदलणाऱ्यांचं गणित उलटं येतं. दर बदलतात, बेरीज मात्र हीच करायची.

मुलांचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि ६ ते १५ वयाची मुलं त्यावर फुकट प्रवास करतात, पण सोबत आई किंवा वडील असले तरच. आजी-आजोबांबरोबर नातवाला एका दिवसासाठी वेगळं पाठवायचा बेत असेल तर त्या दिवशी त्याचं निम्मं तिकीट काढावं लागतं. कार्ड तपासताना पासपोर्ट विचारतात, तो जवळ असू द्या.

ल्युसर्नला पहिला दिवस हलका ठेवला: लाकडी चॅपल ब्रिज, तळ्याकाठी फेरी, लवकर झोप. उन्हाळ्यात घड्याळ साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच जाग येते. त्याचा फायदा घ्या आणि पहिली बोट पकडून फिट्स्नाउला जा. तिथून रिगीची दात्यांच्या रुळांवरची गाडी निघते. १८७१ सालची ही युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. सप्तशृंगी गडाची ट्रॉली दोराने ओढली जाते. इथे इंजिनाखालचं दातेरी चाक दोन रुळांमधल्या दात्यांत अडकत वर चढतं. रिगी कुल्म १७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६) थोडंच उंच, पण वरून समोर बर्फाच्या रांगा दिसतात. जाताना डावीकडे बसा, तळं त्याच बाजूला उलगडतं. ज्येष्ठांसाठी सगळ्या डोंगरांत हा सर्वांत सोपा आणि कमी खर्चाचा.

दुसऱ्या मोकळ्या सकाळी टिटलिस किंवा पिलाटस. बर्फच हवा असेल तर टिटलिस, पण मग पुढे युंगफ्राऊला पुन्हा बर्फच आहे. त्यापेक्षा पिलाटस घ्यावा असं आमचं स्पष्ट मत. आल्पनाखश्टाडहून चढणारी तिथली गाडी ४८ टक्के चढावर जाते, दात्यांची यापेक्षा उभी रेल्वे जगात नाही. हिवाळ्यात ती बंद असते.

ल्युसर्न ते इंटरलाकेन हा पावणेदोन-दोन तासांचा प्रवास निवांत करायचा. ल्युसर्नहून निघताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा. सार्नेन आणि लुंगर्न ही तळी त्याच बाजूला येतात. मग ब्र्युनिगची खिंड ओलांडून गाडी मायरिंगेनला थांबते आणि उलट दिशेने निघते. तेव्हा लोक गडबडतात, गाडी परत चालली असं वाटून बॅगा काढतात, नाहीतर जागा बदलून पलीकडे जातात. हलू नका. दिशा फिरल्यामुळे तुमचीच खिडकी आता ब्रीएन्झ तळ्याच्या बाजूला आलेली असते, आणि इंटरलाकेनपर्यंत ते निळं-हिरवं पाणी खिडकीला लागून राहतं.

इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. मुक्काम ओस्टजवळ घ्या. डोंगराच्या गाड्या तिथूनच, आणि समोरच ‘कूप’ नावाचं मोठं किराणा दुकान. स्टेशनातली दुकानं सोडली तर रविवारी बहुतेक सगळं बंद असतं, म्हणून शनिवारीच दूध, दही, ब्रेड, तांदूळ भरून ठेवा. स्वयंपाकघर असलेली खोली असेल तर दोन वेळचं भाताचं भागतं. फोडणी मात्र मंद आचेवर आणि खिडकी उघडून, धुराचा अलार्म चटकन वाजतो. शाकाहारी मंडळींनी चीजकडे लक्ष द्यावं: ग्र्युयेर, एमेंटालसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पाकिटावर व्ही-लेबल, म्हणजे शाकाहाराची खूण पाहून घ्या. पाणी विकत घेऊ नका, नळाचं आणि चौकातल्या कारंजांचं पिण्याजोगं असतं; जिथे नसतं तिथे पाटी असते. हॉटेल देतं ते पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, गावातली बस त्यावर फुकट.

ओस्टहून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डची गाडी एकच सुटते आणि त्स्वायल्युचिनेनला तिचे दोन भाग होतात. चुकीच्या डब्यात बसलात तर वेगळ्याच दरीत पोचाल. फलाटावरच्या पडद्यावर कोणता भाग कोणत्या अक्षराखाली थांबतो ते लिहिलेलं असतं, आणि डब्यावरही गावाचं नाव असतं. सहा माणसं दोन दारांतून चढली की हमखास ताटातूट होते, एकाच दारातून चढा.

युंगफ्राऊयोखचं, म्हणजे युंगफ्राऊवरच्या स्टेशनाचं तिकीट आठवडाभर आधी काढू नका. सकाळी सहाला वरचा वेबकॅम पाहा, आभाळ निळं असेल तर निघा, नसेल तर त्या दिवशी म्युरेन करा आणि युंगफ्राऊ दुसऱ्या सकाळवर टाका. इंटरलाकेनला दोन मोकळ्या सकाळी ठेवायचं कारण हेच. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरून आयगर एक्सप्रेस ही केबलकार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, पुढे १९१२ सालची रेल्वे डोंगराच्या पोटातून ३४५४ मीटरवर. इंटरलाकेन नाशिकसारखंच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे दीड तासात जवळपास तीन किलोमीटर वर. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटं बसा, मग चाला. जिने टाळून लिफ्ट वापरा, पाणी घोटाघोटाने प्या, डोकं दुखायला किंवा मळमळायला लागलं तर फोटोचा मोह सोडून खालची गाडी धरा. हृदयविकार असलेल्यांनी इथून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारावं. मे महिन्यातही वर शून्याच्या खाली थंडी असते. निफाडच्या डिसेंबरचा स्वेटर पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत.

मुक्काम हलवायच्या दिवशी ढग असले तरी बिघडत नाही असं काम ठेवा. बॅगा टाकून दुपारी लाउटरब्रुनेनहून १४१ नंबरच्या बसने ट्र्युमेलबाखला जा. डोंगराच्या आत कोरून गेलेले दहा धबधबे, आणि मे-जूनमध्ये बर्फ वितळत असल्याने पाणी भरपूर. आत ओलं आणि निसरडं असतं, चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत.

ग्लेशियर एक्सप्रेस ही डोंगर पाहत जाणारी पर्यटकांची गाडी सात रात्रींत बसवू नका. झरमॅट ते सेंट मॉरिट्झ आठ तास, शिवाय पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे, आणि तिथे पोचून परत यायला आणखी एकेक दिवस. दहा-बारा रात्री असतील तर जरूर.

परतीचं थेट विमान झुरिकहून सकाळी निघतं, म्हणून शेवटची रात्र झुरिकला. इंटरलाकेनहून पहाटे निघून ते गाठायचा धोका घेऊ नका. मुंबईत रात्री उशिरा उतरता. नाशिकहून गाडी बोलावलीत तर चालक दुपारी झोपून आलेला असेल याची आधीच खात्री करा, नाहीतर ठाण्यात किंवा विमानतळाजवळ रात्र काढून सकाळी निघा. सामान घेताना पट्ट्यावरच बॅगेची चाकं आणि हँडल तपासा. मोडतोड असेल तर हॉलमधून बाहेर पडण्याआधीच तक्रार नोंदवा, नाहीतर नंतर दावा करणं अवघड जातं.